टोपणनावामागचा मुलगा

वाद घालायला शिकवते ती शाळा, आणि वाद घातला म्हणून बाहेरचा रस्ता दाखवते तीही तीच शाळा. न्यूयॉर्कच्या हसिदी ज्यू वस्त्यांमधली तरुण मुलं रात्री नाव लपवून इंटरनेटवर भांडतात, तेव्हा त्यांचं नेमकं काय पणाला लागतं?

रात्रीचा दीड वाजलाय. ब्रुकलिनच्या विल्यम्सबर्ग भागातल्या एका फ्लॅटमध्ये, एकाच खोलीत चार भाऊ झोपतात. तिघं घोरतायत. चौथा, वय वर्षं एकोणीस, पांघरुणाच्या आत मोबाइल धरून टाइप करतोय. सकाळी लवकर उठून त्याला येशिवेत जायचंय. येशिवा म्हणजे ज्यू धर्मग्रंथ शिकवणारी पाठशाळा. दिवसभर ज्या ग्रंथासमोर तो डोलत बसतो, त्याच ग्रंथाबद्दल तो आत्ता विचारतोय, "हे सगळं खरं आहे कशावरून?"

प्रश्नावर त्याचं नाव नाही, टोपणनाव आहे. उत्तर देणाऱ्यांचीही टोपणनावंच. पहिलं उत्तर दोन मिनिटांत येतं आणि त्याच्या छातीत धडधडायला लागतं. आयुष्यात पहिल्यांदाच हा प्रश्न त्याने कुणाला तरी विचारलाय.

हा मुलगा काल्पनिक आहे. पण त्याच्यासारखी मुलं गेली वीस-बावीस वर्षं खरोखर आहेत.

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? बॉसला शिव्या घालायला आपणही कधीतरी फेक आयडी काढलेला असतो. पकडले गेलो तर काय होतं? एचआरची एक कडक मेल, चार दिवस टोमणे, फारच झालं तर नवी नोकरी. त्या मुलाचं तसं नाही. तो पकडला गेला तर त्याचं शिक्षण, त्याचं लग्न, धाकट्या बहिणीचं लग्न, आईवडिलांची समाजातली पत, सगळं एकदम टांगणीला लागतं. आणि गंमत म्हणजे, वाद घालणं हा त्याच्या समाजात गुन्हा नाहीच. उलट तो तिथला अभ्यासक्रम आहे!

हे हसिदी कोण?

'ज्यू' म्हटलं की मराठी माणसाला आधी अलिबागकडचे बेने इस्राएल आठवतात. घरात मराठी बोलणारे, कोकणात 'शनवार तेली' म्हणून ओळखले जाणारे. हसिदी मंडळी त्यांच्याहून अगदी वेगळी. हा पंथ अठराव्या शतकात पूर्व युरोपात, आजच्या युक्रेनच्या भागात सुरू झाला. बाल शेम तोव्ह हे त्याचे आद्य गुरू. ते १७६० मध्ये वारले. नुसत्या पांडित्यापेक्षा भक्ती, गाणं आणि आनंद महत्त्वाचा, असं त्यांचं सांगणं. पुढे गुरूंची घराणी तयार झाली. गुरूला म्हणायचं रेब्बे, आणि पंथाला नाव द्यायचं त्या रेब्बेच्या मूळ गावाचं. सातमार हे नाव आलं रोमानियातल्या सातू मारे शहरावरून, स्क्वेर हे युक्रेनमधल्या स्क्विरा गावावरून.

दुसऱ्या महायुद्धात हिटलरच्या छळछावण्यांनी हे जग जवळजवळ पुसून टाकलं. वाचलेले काही जण न्यूयॉर्कला आले. सातमारचे रेब्बे योएल टायटलबाउम यांनी विल्यम्सबर्गमध्ये पंथ पुन्हा उभा केला. तीच यिद्दिश भाषा, तेच काळे लांब कोट, कानांवरून लोंबणाऱ्या त्याच बटा. शहरापासून दूर त्यांची वेगळी गावंही वसली. स्क्वेर पंथाचं न्यू स्क्वेअर हे गाव १९६१ मध्ये आणि सातमारचं किर्यास जोएल हे १९७७ मध्ये अधिकृत झालं. २०२० च्या जनगणनेत किर्यास जोएलची लोकसंख्या सुमारे ३३ हजार भरली, न्यू स्क्वेअरची दहा हजारांच्याही आत. हे आकडे लक्षात ठेवा, पुढे लागतील.

मुंबईकरांना एक हसिदी पंथ दुर्दैवाने चांगलाच परिचयाचा आहे. कुलाब्याचं नरिमन हाउस, म्हणजेच छबाड हाउस. नोव्हेंबर २००८ च्या अतिरेकी हल्ल्यात तिथले रब्बी गॅव्रिएल होल्ट्झबर्ग आणि त्यांच्या पत्नी रिव्का मारले गेले. ते छबाड पंथाचे. हा पंथ जगभर केंद्रं काढतो, अनोळखी माणसालाही जेवायला बसवतो आणि १९९० च्या दशकातच त्याने इंटरनेट प्रचारासाठी वापरायला घेतलं. म्हणजे सगळे हसिदी एका साच्यातले नाहीत. आपण बोलतोय ते सातमार आणि स्क्वेरसारख्या, दारं घट्ट लावून घेतलेल्या वस्त्यांबद्दल. नेटफ्लिक्सवर २०२० मध्ये आलेली 'अनऑर्थोडॉक्स' ही चार भागांची मालिका पाहिली असेल, तर तेच विल्यम्सबर्ग.

पानावरची भांडणं

येशिवेचा हॉल पाहिला तर आपल्याला वाटेल, इथे मारामारी चाललीये. शेकडो मुलं, जोडीजोडीने, मध्ये उघडा ग्रंथ, आणि हातवारे करत मोठमोठ्याने वाद. या जोडीदाराला म्हणतात हवरुसा. त्याचं काम तुमच्या म्हणण्याला मान डोलावणं नाही, तुमचं म्हणणं खोडून काढणं.

ग्रंथ कोणता, तर तालमूद. २,७११ पत्रांचा हा डोंगर म्हणजे वादांचाच संग्रह. पानाची मांडणी बघाल तर चकित व्हाल. मूळ मजकूर मधोमध, एका बाजूला अकराव्या शतकातल्या राशी या पंडिताची टीका, दुसऱ्या बाजूला त्याच्या नंतरच्या पंडितांनी घेतलेल्या हरकती. आजच्या भाषेत सांगायचं, तर मध्ये पोस्ट आणि चहूबाजूंनी कॉमेंट्स!

पण एक फरक आहे, आणि सगळी गोम तिथेच आहे. तालमूदमध्ये जवळजवळ प्रत्येक म्हणण्यावर नाव असतं. अमक्या रब्बीच्या नावे तमके रब्बी म्हणाले, असं साखळीने लिहिलेलं असतं. दुसऱ्याचं बोलणं त्याचं नाव घेऊन सांगणं हे त्या परंपरेत मोठं पुण्यकर्म. कोण बोललं ते कळलं पाहिजे, म्हणजे त्याला उलट विचारता येतं आणि चुकलं तर त्याला मागेही फिरता येतं.

आणखी एक. हिलेल आणि शम्माय या दोन गुरूंच्या शिष्यांमध्ये शेकडो मतभेद नोंदलेले आहेत. त्यातले काही तर कुणाशी लग्न करावं आणि कुणाशी नाही, यावरच. तरीही या दोन्ही गटांनी एकमेकांत सोयरिकी करणं थांबवलं नाही, याची नोंद त्या ग्रंथात मुद्दाम केलेली आहे. वाद वादाच्या जागी, सोयरीक सोयरिकीच्या जागी.

म्हणजे त्या मुलाच्या समाजाला वाद नवा नाही. नवं आहे ते नाव नसणं. आणि दिवसा ज्या प्रश्नांना परवानगी आहे, त्यांना एक कुंपण आहे. गाईने शिंग मारलं तर भरपाई कुणी द्यायची, यावर आठवडाभर भांडा. पण ग्रंथ ईश्वराकडूनच आला का, हा प्रश्न कुंपणापलीकडचा. तो विचारणाऱ्याला शब्द आहे, 'अपिकोरस', म्हणजे पाखंडी. एपिक्युरस या ग्रीक तत्त्वज्ञाच्या नावावरून आलेला हा शब्द एकदा चिकटला की सुटत नाही.

स्टेडियम भरून टोप्या

२० मे २०१२. न्यूयॉर्कचं सीटी फील्ड, एरवी बेसबॉलचं मैदान. त्या दिवशी तिथे सुमारे ४० हजार कर्मठ ज्यू पुरुष जमले, काळ्या कोटांत, काळ्या टोप्यांत. न मावलेली गर्दी जवळच्या टेनिस स्टेडियममध्ये बसवावी लागली. विषय एकच, इंटरनेटचे धोके. बायकांना स्टेडियममध्ये प्रवेश नव्हता. त्यांच्यासाठी वेगवेगळ्या ठिकाणी थेट प्रक्षेपण ठेवलं होतं, तेही त्याच इंटरनेटच्या कृपेने. बाहेर एक छोटा गट निदर्शनं करत होता. त्यांचं म्हणणं, खरा प्रश्न इंटरनेट नाहीच, मुलांचं लैंगिक शोषण दडपलं जातं हा आहे.

इंटरनेट साफ बंद का नाही केलं? कारण पोटाचा प्रश्न. फोटोग्राफीचा नाद असेल तर तुम्हाला न्यूयॉर्कचं बी अँड एच हे कॅमेऱ्यांचं दुकान ऐकून माहीत असेल. ते हसिदी मालकीचं, जगभर ऑनलाइन विक्री करणारं, आणि शुक्रवार संध्याकाळपासून शनिवार संध्याकाळपर्यंत, म्हणजे शब्बाथला, वेबसाइटवर ऑर्डर न घेणारं. धंद्याला नेट हवं, घरात नको. मग मधला मार्ग निघाला. कामापुरतं, तेही फिल्टर लावून. नेट नसलेले 'कोशर' फोन आले. अनेक शाळांनी पालकांकडून फिल्टरची हमी मागायला सुरुवात केली. फिल्टर नाही तर मुलाला प्रवेश नाही.

पण कुंपण जितकं उंच, तितकी पलीकडची उत्सुकता जास्त. एकाच मुलाकडे दोन फोन, हा प्रकार मग ओघानेच आला. एक साधा, सगळ्यांसमोर वापरायचा. दुसरा गादीखालचा.

बंडखोर ब्लॉगर

या निनावी जगातलं सगळ्यात गाजलेलं नाव, म्हणजे मुळात नाव नसलेलं नाव, 'हसिडिक रिबेल'. २००३ मध्ये या टोपणनावाने एक ब्लॉग सुरू झाला. आतल्या माणसाला असतात त्या सगळ्या बारकाव्यांसह, इंग्रजीत, हसिदी आयुष्यावर बोट ठेवणारा. लिहिणारे होते शुलेम डीन, न्यू स्क्वेअरचे रहिवासी, विशीच्या आत लग्न झालेले, पाच मुलांचे वडील. २००५ मध्ये गावातल्या धर्मपंचांनी त्यांच्यावर पाखंडाचा ठपका ठेवला आणि गाव सोडायला सांगितलं. पुढे लग्न मोडलं. त्याहून वाईट म्हणजे पाचही मुलं हळूहळू दुरावली. २०१५ मध्ये आलेल्या त्यांच्या आत्मकथनाला अमेरिकेतला नॅशनल ज्यूइश बुक अवॉर्ड मिळाला. पुस्तक वाचताना एक गोष्ट सलत राहते. वाचकांनी टाळ्या वाजवल्या, पण ज्या पाच माणसांनी ते समजून घ्यावं असं या बापाला वाटत असणार, तीच समोर नाहीत.

फोर्डहॅम युनिव्हर्सिटीच्या मानववंशशास्त्रज्ञ आयाला फेडर यांनी न्यूयॉर्कमधल्या अशा लोकांचा अनेक वर्षं अभ्यास केला आणि २०२० मध्ये 'हिडन हेरेटिक्स' हे पुस्तक लिहिलं. श्रद्धा उडालेली, पण घरादारासाठी समाजातच राहणारी ही माणसं. स्वतःला ती 'दुहेरी आयुष्यवाले' म्हणवतात. आधी ब्लॉग, मग चर्चेचे अड्डे, मग व्हॉट्सअॅप ग्रुप, असा त्यांचा प्रवास. फेडर यांची माणसं बहुतेक लग्न झालेली, मुलंबाळं असलेली. येशिवेतल्या पोराची जोखीम वेगळी आहे, आणि काही बाबतींत जास्त. त्याच्या आयुष्याचे सगळे मोठे निर्णय अजून व्हायचे आहेत, आणि ते घेणार आहेत दुसरेच.

ओळखलं जाणं किती सोपं

निनावी म्हणजे सुरक्षित, हा पहिला गैरसमज. मुंबईसारख्या शहरात तुम्ही नाव लपवलंत तर खरोखर हरवून जाऊ शकता. पण तीस हजारांच्या गावात? जिथे सगळे एकाच भाषेत बोलतात, एकाच चार-दोन येशिवांमधून शिकतात, एकाच लग्नांना जातात?

एखादा यिद्दिश शब्द अमुक पद्धतीने लिहिला, की तो कुठल्या पंथातला ते कळतं. "काल आमच्या हॉलमध्ये लाइट गेले होते" एवढं लिहिलं, की येशिवा कळली. "माझ्या थोरल्या भावाचं लग्न गेल्या महिन्यात झालं" म्हटलं, की यादी दहा नावांवर आली. ग्रुपमध्ये फोन नंबर दिसतो. स्क्रीनशॉट काढायला एक सेकंद लागतो. आणि ज्याला विश्वासाने आपलं खरं नाव सांगितलं, तो उद्या घाबरला किंवा रुसला तर? येशिवेत मुलांच्या वागण्यावर लक्ष ठेवायला 'मशगिआख' नावाचा माणूसच नेमलेला असतो. त्याच्याकडे जायला कुणालाही फार लांब जावं लागत नाही.

पुढचं सगळं लग्नाभोवती फिरतं. हसिदी मुलांची लग्नं साधारण अठरा ते विशीत होतात, मध्यस्थामार्फत. याला म्हणतात शिद्दुख. मुलाची चौकशी होते, घराण्याची होते. "तो जरा वाचतो, प्रश्न विचारतो" एवढी कुजबुजही पुरते. स्थळं यायची थांबतात, आणि फक्त त्याची नाही, तर पाठच्या भावंडांचीही. हिलेल आणि शम्मायच्या शिष्यांनी वाद घालूनही सोयरिकी टिकवल्या. इथे वादाची पहिली किंमतच सोयरीक.

समोर नेमकं कोण?

दुसरी जोखीम कमी बोलली जाते. हवरुसा समोर बसलेला असतो. तो तुमच्याच वयाचा, तुमच्याच बाकावरचा. तुम्ही रडकुंडीला आलात तर त्याला दिसतं. तो थांबतो, पाणी आणून देतो. टोपणनावाला चेहरा नसतो. एकोणीस वर्षांच्या मुलाला वाटतं, पलीकडे आपल्यासारखाच कुणी आहे. प्रत्यक्षात तो पंचेचाळीसचा, कधीच बाहेर पडलेला, आयुष्यावर चिडलेला माणूस असू शकतो. किंवा मुलांना 'वाचवायला' मुद्दाम आलेला कुणी धर्मरक्षक. किंवा नुसता मजा बघणारा. तिघंही जिंकायला बसलेत. हरणाऱ्याची रात्र कशी गेली, ते त्यांच्यातल्या कुणालाच कळणार नाही.

त्यात हातातली शस्त्रंही असमान. हसिदी मुलांच्या शाळांत इंग्रजी, गणित, विज्ञान, इतिहास फारच कमी शिकवतात. न्यूयॉर्क टाइम्सने सप्टेंबर २०२२ मध्ये छापलेल्या तपासात एका मोठ्या हसिदी शाळेची हकिगत होती. २०१९ मध्ये तिथल्या हजाराहून जास्त मुलांनी राज्याची वाचन आणि गणिताची प्रमाणित परीक्षा दिली आणि एकही पास झाला नाही! ही मुलं बुद्धीने कमी नाहीत. तालमूदचं एक पान सोडवायला लागणारी तर्कबुद्धी भल्याभल्यांची दमछाक करते. पण उत्क्रांती, पुरातत्त्व, ग्रंथांचा इतिहास हे शब्दच ज्याने कधी ऐकले नाहीत, त्याच्यावर एका रात्रीत सगळं कोसळलं तर खरं काय आणि फेकाफेकी काय, हे तो कशाच्या जोरावर ठरवणार? काल रेब्बे म्हणाले म्हणून मान्य होतं. आज टोपणनाव म्हणालं म्हणून मान्य. यात स्वतंत्र विचार कुठे आला?

आणि समजा त्याने ठरवलं, आपण बाहेर पडायचं. कुठे? मोडकं इंग्रजी, हातात मान्य पदवी नाही, बँकेत पैसे नाहीत, बाहेर एक ओळखीचा माणूस नाही. टोपणनावाने वाद जिंकता येतो, घराचं भाडं भरता येत नाही.

जिभेचा गुन्हा

तिसरी जोखीम उलट बाजूची. नाव नसलं की जीभही सैल सुटते. अमका शिक्षक असा, तमक्याची बायको तशी, फलाण्या घराण्यात वेड आहे. खरं, खोटं, अर्धवट, सगळं एकाच पातेल्यात. याला ज्यू धर्मशास्त्रात 'लशोन हारा' म्हणतात, म्हणजे वाईट बोलणं. खरं असलं तरी दुसऱ्याची बदनामी करणारं. चारचौघांत एखाद्याचा चेहरा शरमेने पांढरा करणं म्हणजे त्याचं रक्त सांडणं, इतकी ती परंपरा याबाबत कडक आहे.

या विषयावरचं सगळ्यात प्रसिद्ध पुस्तक, 'हाफेत्झ हायिम', १८७३ मध्ये विल्ना शहरात छापलं गेलं. लेखक रब्बी यिस्राएल मेयर कागान. मजा अशी, की हे पुस्तक पहिल्यांदा निघालं तेच लेखकाच्या नावाशिवाय! त्याआधी १८१९ मध्ये योसेफ पर्ल या सुधारकाने व्हिएन्नात टोपणनावाने एक पुस्तक काढलं होतं. हसिदींचीच खोटी पत्रं रचून त्यांची टर उडवणारं. म्हणजे नाव लपवणं इंटरनेटने शोधलेलं नाही. एकाने नाव लपवलं नम्रतेपोटी, दुसऱ्याने चिमटे काढायला. आजचा मुलगा नाव लपवतो ते मात्र भीतीपोटी, आणि घाबरलेला माणूस कधी गप्प बसतो, कधी दगड मारतो. रात्री दोन वाजता आपण यातलं नेमकं काय करतोय, ते त्यालाही कळत नाही.

दोन आयुष्यांचं भाडं

चौथी जोखीम सगळ्यात हळू येते. दिवसा एक माणूस, रात्री दुसरा. सकाळी प्रार्थनेत डोलायचं, रात्री त्याच प्रार्थनेची चिरफाड करायची. आधी यात थरार असतो. मग दमणूक येते. आईशी बोलताना, बहिणीशी हसताना, मनात एकच विचार. हिला कळलं तर? ज्यांच्यावर खरं प्रेम आहे ते आपल्याला ओळखत नाहीत, आणि जे ओळखतात त्यांना आपलं नावसुद्धा माहीत नाही. घरच्यांच्या लक्षात आलंच, तर अनेकदा मुलाला धार्मिक समुपदेशकाकडे नेतात. म्हणजे त्याच्या शंकेला उत्तर मिळायच्या आत तिला आजाराचं नाव मिळतं.

लग्न झाल्यावर तर गाठ आणखी घट्ट. मुलं झाली आणि मग सत्य बाहेर आलं, तर ताब्याचा खटला. न्यूयॉर्कच्या अपील कोर्टाने २०१७ मध्ये अशाच एका खटल्यात महत्त्वाचा निकाल दिला. हसिदी रीत सोडलेल्या आईकडून खालच्या कोर्टाने मुलांचा ताबा काढून घेतला होता. अपील कोर्टाने तो निकाल फिरवला. जो धर्माचार आपल्याला पटत नाही तो पाळायची सक्ती कोर्ट आईवर करू शकत नाही, असं बजावलं. दिलासा मोठाच. पण तिथवर पोचायला वर्षं, वकील आणि धाडस तिन्ही लागतात.

मग गप्प बसायचं?

नाही. आणि हे ठामपणे सांगायला हवं. नाव लपवायची सोय नसती, तर काही गोष्टी कधीच उजेडात आल्या नसत्या. ब्रुकलिनच्या एका कर्मठ ज्यू शाळेतल्या शिक्षकावर मुलांच्या लैंगिक शोषणाचे आरोप होते. ते आधी निनावी ब्लॉगवर गाजले, आणि २००६ मध्ये कोर्टात आणि मोठ्या मासिकांत पोचले. ज्या समाजात तक्रार करणाऱ्यालाच गद्दार ठरवलं जातं, तिथे टोपणनाव हे कधीकधी एकमेव संरक्षण असतं. ते काढून घेणं म्हणजे अत्याचार करणाऱ्यालाच मदत करणं.

समाजाची भीतीही समजून घ्यायला हवी. ज्यांचे आजी-आजोबा छावण्यांतून वाचून आले, त्यांना एकेक मूल जाणं म्हणजे काय वाटत असेल? त्यांच्या लेखी हा मुलगा वाद हरलेला नसतो, साखळीतून निसटलेला असतो. आणि प्रश्न विचारणारी सगळीच मुलं काही बाहेर पडत नाहीत. बरीच जण तिथेच राहतात, काही जण तर आनंदाने.

म्हणूनच मुलगा श्रद्धाळू राहतो की नाही, हा तितकासा महत्त्वाचा प्रश्न नाही. तो एकटा राहतो की नाही, हा आहे. न्यूयॉर्कमध्ये २००३ मध्ये 'फूटस्टेप्स' ही संस्था सुरू झाली. कर्मठ समाजातून बाहेर पडणाऱ्यांना शिक्षण, नोकरी, कायदा यात ती मदत करते. पण तिचं मोठं काम यादीत दिसत नाही. तिथे माणसं एका खोलीत समोरासमोर बसतात, चहा-कॉफी पितात आणि एकमेकांना खऱ्या नावाने हाक मारतात.

पूर्ण बाहेर पडायचं नसलेल्यालाही नेमकी हीच गरज असते. हजार टोपणनावं नकोत, एक माणूस हवा. एखादा मामा, एखादा जुना शिक्षक, हवरुसासुद्धा. ज्याला "मला काही प्रश्न पडलेत" असं हळू आवाजात सांगता येईल आणि जो ते ऐकून लगेच मशगिआखकडे धावणार नाही. तालमूदमध्ये एलिशा बेन अबुया नावाच्या पंडिताची गोष्ट आहे. तो पाखंडी झाला. इतका, की ग्रंथात त्याला 'तो दुसरा' असंच म्हणतात, नावसुद्धा घेत नाहीत. तरी त्याचा शिष्य रब्बी मेयर त्याच्याकडे शिकायला जातच राहिला. शब्बाथच्या दिवशी गुरू घोड्यावर, जे त्या दिवशी निषिद्ध, आणि शिष्य मागून चालतोय. चालता येण्याची त्या दिवसाची हद्द संपत आली, तेव्हा पाखंडी गुरूच शिष्याला म्हणाला, आता तू परत फीर.

तो घोड्यावरचा माणूस आपल्या शिष्याची पावलं मोजत होता. ब्रुकलिनमध्ये, पांघरुणाखाली, चार वाजता मोबाइल बंद करणाऱ्या मुलाची पावलं मोजणारं कुणी नाही. थोड्याच वेळात तो उठेल, कोट चढवेल आणि बाकावर जाऊन बसेल. समोर हवरुसा असेल, डोळे चोळत. कदाचित त्याच्याही गादीखाली दुसरा फोन असेल. दोघं दिवसभर कडाकडा भांडतील, शिंग मारणाऱ्या गाईवरून.

चौकट: हे शब्द लक्षात ठेवा

येशिवा: ज्यू धर्मग्रंथांची पाठशाळा. हसिदी मुलगे लग्न होईपर्यंत इथे शिकतात.

रेब्बे: हसिदी पंथाचे गुरू. गादी बहुधा घराण्यातच राहते.

यिद्दिश: जर्मनशी नातं असलेली, हिब्रू लिपीत लिहिली जाणारी हसिदींची घरची भाषा.

हवरुसा: अभ्यासातला जोडीदार आणि हक्काचा प्रतिवादी.

मशगिआख: येशिवेतल्या मुलांच्या वागण्यावर आणि मनावर लक्ष ठेवणारे गुरुजी.

शिद्दुख: मध्यस्थामार्फत जुळवलेलं लग्न.

लशोन हारा: दुसऱ्याची बदनामी करणारं बोलणं, खरं असलं तरीही.

अपिकोरस: पाखंडी.